उजव्या हाताचा ब्रेक

ती. दादा, लांबूनच वाकून नमस्कार.

मी मजेत आहे, खोकला गेला, असं आईला सांग. पुढचं तिला वाचून दाखवू नकोस.

या शनिवारी आम्ही वर्कशॉपवाले कॅम्पर व्हॅन घेऊन दोन दिवस समुद्राकाठी जातोय. आत शेगडी, अंथरुणं. मागे चार सायकली टांगायच्या. तयारी माझ्याकडेच, कारण मी म्हणे ‘पक्का माणूस’.

मागच्या खेपेलाही सायकली मीच जोडल्या होत्या. तू शिकवलंस तसा पुढच्या चाकाचा ब्रेक उजव्या हाताला दिला. इथे परदेशात तो डावीकडे असतो. ठाऊक होतं रे, पण गडबडीत हात आपल्या सायकलच्या दुकानातल्यासारखे चालले. आमच्या वेल्डरने कड्याच्या उतारावर मागचा समजून उजवा ब्रेक करकचून दाबला, पुढचं चाक जागीच अडकलं आणि तो सायकलवरून पुढे फेकला गेला. आता त्याच्या कमरेखालचं काही हलत नाही.

त्याच संध्याकाळी मी ब्रेक गुपचूप बदलून टाकले. तो बिचारा अजून म्हणतो, “माझाच हात चुकला.”

या वेळी तो व्हॅनमध्ये बसून समुद्र बघणार आणि सायकल त्याची मुलगी चालवणार. काल तिच्याकरवी नवी सायकल माझ्यापुढे आणवून तो म्हणाला, “ब्रेक तूच लाव. तुझा हात लागला की मला घोर नाही.”

तुझी पाठ कशी आहे? दुकानात एकटाच असतोस का?

दादा, पाना हातात घेऊन बसलोय. आधी ब्रेक लावू, की आधी बोलू?

तुझ्याच हाताखाली शिकलेला,
धाकटा