गेला का रे तो?

३० ऑक्टोबर २०१६, जिझान
पोचलो एकदाचा! हर्णैहून निघताना अब्बा म्हणाले, रोज चार ओळी लिहीत जा हाशिर, तेवढंच अक्षर सुधारेल. चला, सुरुवात.
कफीलचं, म्हणजे मला इथे आणणाऱ्या मालकाचं, अत्तराचं दुकान एकदम झकास. माझं काम म्हणजे गिऱ्हाइकांच्या मनगटाला उदाचं अत्तर चोळायचं आणि गोड हसायचं. मागच्या खोलीत पडद्याआड कादिरभाई बसतो, आमच्याच बाजूच्या बुरोंडीचा. चोरून मोबाईल दुरुस्त करतो. चोरून, कारण आता मोबाईलच्या कामाला फक्त सौदी माणूस चालतो. पकडला की बोटांचे ठसे घेऊन थेट विमानात. त्यात बिचाऱ्याच्या इकाम्यावर, म्हणजे इथे राहायच्या परवान्यावर, धंदा लिहिलाय रंगारी. आयुष्यात ब्रश धरला असेल तो दात घासायचा.
माणूस मात्र लाखातला. मच्छीचं कालवण केलं आणि मधला तुकडा माझ्या ताटात वाढला.

१ नोव्हेंबर
शेजारच्या दुकानात इन्स्पेक्टर आलेला. नाकातून बोलतो, घोगरा. असले आवाज मला एका दमात पाठ होतात. शाळेत हेडमास्तरांच्या आवाजात मी अख्खा वर्ग घरी सोडलेला.
तो गेल्यावर त्याच आवाजात दारातून ओरडलो, तफतीश! इकामा! म्हणजे झडती, परवाना काढ.
कादिरभाई टेबलाखाली! थोड्या वेळाने खालून हळूच विचारतो, गेला का रे तो? मी लोळलो हसून. मग तोही हसला. म्हणाला, मेल्या, एवढं नको करत जाऊस, माझा जीव जातो.

४ नोव्हेंबर, शुक्रवार
फरासान बेटावर जाऊन आलो. बोट फुकट! गाड्या तिच्या पोटात, माणसं वर. कादिरभाईला मीच ओढून नेला, नाहीतर तो पडद्यामागून हलत नाही. तिकडे पॅन्ट दुमडून पाण्यात उभा राहिला आणि बायकोला, झेबाभाबीला, व्हिडिओ कॉलवर खेकडे दाखवत बसला. भाबी तिकडून ओरडते, आधी डोक्याला रुमाल बांधा, आधीच कोळसा झालायत.
येताना माझ्या अंगात आलं. जिन्याआडून तोच आवाज काढला. कादिरभाई धडपडत लाईफ जॅकेटच्या पेटीत शिरला, वरून झाकण ओढून घेतलं. म्हटलं, बसू दे जिझान येईपर्यंत. मी बाजूलाच चहा पीत होतो. आतून विचारत होता, गेला का रे तो? मी अजून एक चहा घेतला.
बोट लागली. झाकण उघडलं तर नुसती जॅकेटं.
आयला, माझीच फिरकी घेतली की याने.

५ नोव्हेंबर
आला नाही. फोन बंद. बोटवाल्यांनी सगळ्या पेट्या उपसल्या. कफील म्हणतो, पळाला. गुरुवारपर्यंत आला नाही तर फरार म्हणून नोंदवणार. मग सापडला तरी पहिली जेल. खरं सांगितलं तर कफील थांबेल. पण सांगू काय? मी गंमत केली?
भाबीचा फोन आला. म्हटलं, भाई नमाजला गेलाय. खोटं बोललो, वर नमाजचं नाव घेऊन.

७ नोव्हेंबर
दुपारी शटर खाली होतं. काउंटरखालून आवाज. गेला का रे तो?
वाकलो. कोणी नाही. अल्ला कसम, मी म्हणायला गेलो, गेला कादिरभाई, ये बाहेर. तोंडातून निघालं, तफतीश! इकामा!
नाकातून. घोगरं.
खाली कोणीतरी अजून आत सरकलं.

८ नोव्हेंबर
कफीलला खरं सांगायला गेलो. तोंड उघडलं तर तोच आवाज. टिंगल करतो म्हणून थोबाडीत बसली. बरी बसली.
मग भाबीचा फोन. उचलायला नको होता. ती विचारत राहिली, कोण बोलतंय, त्यांना पकडलं का, सांगा ना साहेब— मला साहेब म्हणाली. मी फोन कापला.

९ नोव्हेंबर
आता आवाजच नाही. कुठलाच. ओठ हलतात नुसते.
तो माझ्या कॉटखाली आहे. श्वास कोंडून धरलाय त्याने. माझ्यामुळे—

१० नोव्हेंबर. दुपार
कागदावर लिहिलं. कोणी नव्हतं कादिरभाई. मीच होतो. चुकलो. कॉटखाली सरकवला.
कागद आत ओढला गेला.
मग हळूच म्हणाला, तू होतास होय— मग दारात कोण उभाय?

थाप.
नाकातून. घोगरा. माझं नाव घेतोय—

कडी हलतेय. कादिरभाईने माझा पाय धरलाय, हात गार— म्हणतो ये पोरा लवकर, जागा आहे, दोघं मावू. मला शिव्या घालायच्या सोडून हा जागा करतोय—

अर्धा आत आलोय. म्हणतो झाकण ओढ. कॉटला झाकण कुठून आ