नोटरीसाठी दुर्बीण

१४ जुलै, सकाळ

निर्णय झाला. रायफलवर नवी दुर्बीण बसवायची. रायफल उत्तम, नेम उत्तम, डोळे तर पंचविशीतले. दोष एकट्या दुर्बिणीचा.

काल संध्याकाळी मचाणावरून नोटरीवर नेम धरून बसलो होतो. हा आमच्या रानातला सगळ्यात म्हातारा नर हरीण. उजेड सरता सरता येतो, इकडेतिकडे बघतो, काही काम न करता निघून जातो, म्हणून शिकारीतल्या माझ्या सोबत्यानं, गुस्टलनं, त्याचं नाव नोटरी ठेवलं. काल मात्र नोटरी अजिबात हलेना. मी श्वास रोखलेला, मान आखडलेली. शेवटी शेजारचा शेतकरी आला आणि नोटरीला दोन्ही शिंगांना धरून ढकलत घरी घेऊन गेला. हातगाडी होती.

गोळी झाडली नाही, याला संयम म्हणतात. बुर्गीला सांगितलं तर हसत सुटली. बायकोकडून दुसरी अपेक्षा नव्हती.

मचाणावरचा बाक फार टोचतो. गुस्टलला उशी करून दे म्हणून किती वर्षं सांगतोय.

१५ जुलै

गुस्टलला हॉस्पिटलनं घरी पाठवलं. म्हटलंच होतं! काही गंभीर असतं तर ठेवून घेतलं नसतं का? बुर्गी म्हणाली, "अरे, करण्यासारखं काही उरलं नाही म्हणून पाठवलंय." ही बाई कुठल्याही बातमीत आधी रडण्याची जागा शोधते. गुस्टल जन्माचा सुतार, मचाण त्यानंच एकट्यानं बांधलं. असली माणसं आजारी पडत नाहीत, जरा थकतात.

त्याचा फोन आला. आवाज बारीक होता, पण लाइन खराब असणार. म्हणाला, "एंगलबर्ट, या हंगामात नोटरीला घे लेका. दात झिजलेत त्याचे, हिवाळा निघायचा नाही. बर्फात उपाशी मरण्यापेक्षा तुझ्या हातून गेलेला बरा." मी शब्द दिला. पुढे म्हणाला, "आणि अधेमधे ये की." म्हटलं, येणार तो डहाळी घेऊनच!

१६ जुलै

आज जाऊन येणार होतो, पण नियम आठवला. शिकार झाली की झाडाची डहाळी मोडायची, आणि ती टोपीत आपली आपण खोचायची नाही, सोबत्यानं खोचायची. एकटा गेलेला गडी डहाळी घेऊन दुसऱ्याच्या दारात जातो. बोडक्या टोपीनं मात्र हंगामात एकमेकाच्या दारावरून जायचं नाही, चर्चच्या मागच्या वाटेनं गुपचूप घर गाठायचं. हा आम्हा दोघांचा तरुणपणीचा करार. एकदाही मोडलेला नाही. आता तो आजारी असताना मोडला तर त्याला काय वाटेल?

तेव्हा क्रम ठरला: आधी दुर्बीण, मग नोटरी, मग गुस्टल. फार तर दोन आठवडे.

२३ जुलै

ब्रोशर वाचतोय. हे वरवरचं काम नाही. भिंग छप्पन्न मिलिमीटरचं हवं, त्याखाली बोलायचंच नाही. टायरोलची कंपनी म्हणते, आमचं कोटिंग अंधारातून रंग वेगळे काढतं. जर्मन कंपनी म्हणते, आमच्यातून चंद्र नसतानाही केस मोजता येतील. मधोमध पेटणारा लाल ठिपका दोघांकडे आहे. टायरोलवाल्यांचा ठिपका बंदूक खाली ठेवली की आपोआप विझतो. मला हे आवडलं.

बुर्गी रोज गुस्टलकडे सूप घेऊन जाते. आज म्हणाली, तो तुझी चौकशी करत होता. सांग म्हटलं, तयारी जोरात चालू आहे. त्यावर तिनं पातेलं जरा जोरात ठेवलं.

५ ऑगस्ट

तालुक्याला रानिंगर बाईंच्या बंदुकीच्या दुकानात रायफल घेऊन गेलो. नवऱ्यामागे बाई एकट्याच दुकान बघतात. बाईंनी दिवे लागायची वेळ होऊ दिली, मग मागच्या अंगणात चार दुर्बिणी मांडल्या, नावांवर चिकटपट्ट्या लावून. समोरच्या कुंपणावर त्यांनी काहीतरी टांगलं होतं. म्हणाल्या, "सांगा, कुठल्या दुर्बिणीतून नीट दिसतं?"

मी घाई केली नाही. प्रत्येकीतून दोनदा बघितलं. तिसरी हातात आली आणि कळलं, हीच. काय उजेड! काय धार! बाईंना म्हटलं, "ही बांधा. किंमत विचारत नाही."

बाईंनी चिकटपट्टी काढली. माझी जुनी निघाली.

मग बाईंनी खुर्ची दिली, पाणी दिलं आणि म्हणाल्या, "रागावू नका. दुर्बीण उजेडाचा सात मिलिमीटर जाड झोत देते. पण उतारवयात डोळ्याची बाहुली अंधारात पूर्वीसारखी उघडत नाही. मी बादलीनं ओतेन हो, तुमचं तोंड बाटलीचं झालंय. आधी डोळ्यांच्या डॉक्टरला दाखवा, माझा माल कुठे पळून जात नाही."

बाई धंद्यात कशा टिकल्या, देव जाणे.

६ ऑगस्ट

रात्रभर विचार केला. काल अंगणात धुकं असणार. शिवाय कुंपणावर काय टांगलं होतं ते मला अजून माहीत नाही, बाईंनीही सांगितलं नाही. अशा परीक्षेला काय अर्थ?

टायरोलची सगळ्यात महाग मागवली. फोनवर बाईंनी "नक्की ना?" असं तीनदा विचारलं. खास ऑर्डर आहे, सप्टेंबरात येईल.

बुर्गी म्हणाली, तेवढ्या पैशांत दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन होऊन वर समुद्रावर जाऊन आलो असतो. मला समुद्र आवडत नाही.

१९ ऑगस्ट

नवीन दुर्बीण येईपर्यंत मचाणावर जाण्यात अर्थ नाही. गुस्टलकडे जाण्यातही नाही, टोपी बोडकी. थोडक्यात, घरीच आहे.

बुर्गी आज एक गंमत घेऊन आली. म्हणे नोटरी रोज दुपारी गुस्टलच्या खिडकीखाली येतो. अंगणातल्या म्हाताऱ्या नाशपातीची फळं पडायला लागलीत, ती खातो. गुस्टल खाटेवरून बघतो. त्यानं निरोप दिलाय, "म्हणावं, बंदूक नको, दुर्बीण नको, नुसता ये. दोघं मिळून बघू."

मी समजावलं, औषधं जोराची असतात, माणसाला काय वाटेल ते दिसतं. बुर्गी म्हणाली, "मलाही दिसला. मी कुठलं औषध घेतलं?" तिनं कोणाचं तरी वासरू बघितलं असेल. नोटरी भर उन्हात? गेली दहा वर्षं ज्यानं आम्हाला कातरवेळेशिवाय तोंड दाखवलं नाही?

२ सप्टेंबर

निश्चय: येत्या रविवारी गुस्टलकडे जायचं, नियम गेला खड्ड्यात.

६ सप्टेंबर, रविवार

पाऊस होता. शिवाय रविवारी त्याच्याकडे पाद्री येतात. उगाच गर्दी.

पाद्री हल्ली रोज येतात म्हणे. गुस्टलनं त्यांना पत्त्यांत हरवलं असणार.

१७ सप्टेंबर

आली! काळी, जड, थंड. बुर्गीनं खोक्याकडे बघितलं आणि म्हणाली, "हे घेऊन तरी जा त्याच्याकडे. दाखव. बघून हसेल तरी." कल्पना वाईट नव्हती, पण दुर्बीण आधी रायफलवर बसवून नेम जुळवून घ्यावा लागतो. अर्धवट काम गुस्टलला दाखवलं तर सुताराचं तोंड बंद राहणार आहे का?

२१ सप्टेंबर

नेम जुळला. दिवसा कागदावर गोळ्या अशा बसल्या की तो कागद रानिंगर बाईंना नेऊन दाखवावा. दिवसा दिसलं म्हणजे रात्री दिसणारच, दुर्बीण तर रात्रीचीच आहे.

गुस्टल सूप घेत नाही. बुर्गी तरी नेते.

२४ सप्टेंबर, रात्री घरी

दुपारी बुर्गी लवकर परतली. दारातच उभी राहून म्हणाली, "एंगलबर्ट, आज चल. उद्या म्हणू नकोस." मी म्हटलं, आज वारा बरोबर दिशेनं आहे, महिनाअखेर हंगाम बंद, आज नोटरी मिळाला की डहाळी घेऊन थेट त्याच्याकडेच जातो. तिनं माझ्याकडे असं बघितलं की मला राग आला. ती परत त्याच्याकडे गेली.

मचाणावर बसलो. उजेड सरत आला तशी दुर्बीण डोळ्याला लावली. आधी करडं दिसलं. मग जास्त महाग करडं दिसलं. मधोमध तो लाल ठिपका तेवढा छान पेटलेला, आणि त्याच्या आजूबाजूला काहीच नाही. ठिपका आकाशाकडे केला, झाडाकडे केला, माझ्या हाताकडे केला. कुठे तरी नोटरी असेलही. मग बंदूक खाली ठेवली. ठिपका आपोआप विझला.

टोपी बोडकी, म्हणून चर्चच्या मागच्या वाटेनं आलो. तिथून गुस्टलची खिडकी दिसते. दिवा होता. दिवा मला नीट दिसतो. थांबलो. पाय त्या बाजूला वळलेही होते. मग वाटलं, उशीर झालाय, झोपला असेल, उद्या सकाळी हंगाम, नियम, टोपी काही न बघता जायचं. हे पक्कं.

२५ सप्टेंबर

गुस्टल पहाटे गेला.

२८ सप्टेंबर

मातीला गेलो. बँडवाल्यांनी शिंगं वाजवली. शिकारी माणसाच्या कबरीत प्रत्येकानं हिरवी डहाळी टाकायची असते. सगळ्यांनी टाकल्या. मीही टाकली. माझी मीच मोडलेली होती.

कोणीतरी विचारलं, नवी दुर्बीण कशी आहे. चांगली आहे म्हणालो.

मला त्याची फार आठवण येते. इथे लिहायला हरकत नाही, कोण वाचतंय. मी घाबरलो होतो. दुर्बीण, नियम, पाऊस, सगळं खरं होतं, पण मी घाबरलो होतो. त्याचं तोंड बघायला.

१ ऑक्टोबर, संध्याकाळ

बुर्गीनं गुस्टलच्या घरी पाठवलं. तिचं सुपाचं पातेलं तिथे राहिलंय. हंगाम काल संपला, त्यामुळे टोपीचा प्रश्न नव्हता. पुढच्या वाटेनं, समोरच्या दारानं गेलो.

खाट रिकामी, गादी उचललेली. खाटेशेजारी खिडकीकडे तोंड करून एक खुर्ची ठेवलेली. खुर्चीवर उशी. नवीन, हिरव्या कापडाची, चारी कोपरे सुतारासारखे काटकोनात शिवलेले. मी बसलो. टोचत नव्हती.

खिडकीत काचेच्या पेल्यात पाणी आणि ओकची एक डहाळी. पानं अजून ताजी.

साडेचार वाजले असतील, लख्ख ऊन. नोटरी कुंपणाच्या फटीतून आला आणि नाशपातीखाली पडलेली फळं खायला लागला. खिडकीपासून दहा पावलांवर. मुस्कटावरचे पांढरे केस दिसले, एक शिंग टोकाला मोडलेलं दिसलं, झिजलेल्या दातांनी तो फळ या गालातून त्या गालात कसं फिरवतो तेही दिसलं. मला चष्मासुद्धा लागला नाही. एकदा त्यानं मान वर करून खिडकीकडे बघितलं, खाटेकडे बघितल्यासारखं. हंगाम बंद झाल्याचं त्याला माहीत असावं. मग परत खायला लागला. मी आवाज न करता बसलो. कोणाला तरी कोपरानं ढोसून "बघ, बघ" म्हणावंसं वाटत होतं.

घरी आल्यावर बुर्गीला विचारलं, ती पेल्यातली डहाळी कशाला होती. ती कांदा चिरत होती. वर न बघता म्हणाली, "तुझ्यासाठी. सुकली की मला नवी तोडून आणायला लावायचा. म्हणायचा, एंगलबर्ट एक दिवस बोडक्या टोपीनं येईल, आणि त्याला लाजल्यासारखं होईल. आला की मी खोचेन."

पातेलं आणायचं राहिलं. उद्या परत जावं लागेल.