नाल्यापलीकडचा व्हॉल्व्ह

सोमवार, ४ मार्च
पंपदुरुस्तीच्या कामावर पोचले एकदाची. खोली वरच्या मजल्यावर आहे आणि खिडकीतून थेट पंपघर दिसतं, म्हणजे उशिरा जायला सबब उरली नाही. घरमालकिणीला सगळे मावशी म्हणतात, मीही म्हणू लागले. एवढीशी पोरगी अख्ख्या गावाला पाणी पाजणार का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, भल्याभल्यांना पाजलंय.
परदेशी फौज येण्याआधी बंदूकवाले केव्हाही घरात घुसून माणसं उचलायचे. घरातले सगळे पायात बूट घालूनच झोपायचे. आता जावई निवांत घोरतो आणि ते घोरणंही कानाला गोड लागतं, असं मावशी म्हणाल्या.

बुधवार, ६ मार्च
नळाला पाणी आलं. गल्लीत टाळ्या वाजल्या. मावशींनी हंडे भरले, पातेली भरली, शेवटी फुलदाणीसुद्धा सोडली नाही.
फौजेचा कॅप्टन सभ्य माणूस आहे. दुभाष्याला बरोबर आणून त्याने माझं कौतुक केलं. नाल्यापलीकडची वस्ती रिकामी आहे, लोक छावणीत हलवलेत, तर तिकडे पाणी वाया कशाला घालवायचं, असं म्हणाला. पटलं. पंपघरातला तिकडचा व्हॉल्व्ह मी माझ्या हातांनी बंद केला. इकडचा दाब लगेच वाढला.

शुक्रवार, ८ मार्च
नाल्यापलीकडे जाणाऱ्या मोठ्या पाइपात ठोके ऐकू येतात. तीन ठोके, मग शांतता, मग पुन्हा तीन. हवा अडकली असेल, असं कॅप्टनचं म्हणणं. मीही तेच म्हणून गप्प बसणार होते. पण हवा दमत नाही. हे ठोके दमतात.

शनिवार, ९ मार्च
मावशींची थोरली बहीण नाल्यापलीकडे राहते, हे आज कळलं. ती छावणीत सुखरूप आहे, असं फौजेने सांगितलंय. कुठल्या छावणीत, हे विचारायला मावशी गेल्या आणि नवं कोरं ब्लँकेट घेऊन परतल्या. मी ठोक्यांचं बोलले नाही.

सोमवार, ११ मार्च
कॅप्टनला सरळ विचारलं, तिकडून कोण ठोकतंय. त्याने लपवलं नाही. बंदूकवाले तिकडे दडलेत, तहानेने बाहेर येतील, गोळी झाडावी लागणार नाही. आणि बाकीची माणसं? तो म्हणाला, तुमच्या गल्लीतले लोक आता शांत झोपतात ना?
झोपतात, हे खरंच आहे.

मंगळवार, १२ मार्च
मावशींना सांगितलं. त्या स्वयंपाकघरात गेल्या आणि पळीने नळाच्या पाइपवर ठोकलं. आम्ही कान लावला.
उत्तर आलं. दोन ठोके— तिसरा फार उशिरा—
जावई म्हणाला, व्हॉल्व्ह उघडला आणि ते बंदूकवाले परत आले तर? मावशी म्हणाल्या, "तिकडे माझी ताई आहे."

बुधवार, १३ मार्च
पंपघरावर पहारा. मला आत सोडतात, पाना नेऊ देत नाहीत. व्हॉल्व्हचं चाक नुसत्या हाताने हलत नाही. ठोके मंद. आज एकदाच—

गुरुवार, १४ मार्च
पहारेकरी जेवायला गेला. जुनी सळई सापडली, ती घालून चाक फिरवलं— उघडलं. पाणी तिकडे धावलं. पाइप थरथरतोय.
इकडचा दाब पडला. गल्लीत आरडाओरडा— नळ कोरडे— माझ्याच नावाने—
आतून कडी लावलीय. बाहेर बूट वाजतायत.
कान पाइपला. मावशी घरून ठोकतायत, पळी ओळखू येते. ठोकतात. थांबतात. पुन्हा ठोकतात. पाणी एव्हाना पोचलं असेल— पलीकडून अजून