वायपरच्या रबराविषयी

सौ. दुर्गा हिस,

तोंडावर सांगण्याचे धैर्य नसल्यामुळे माझा अपराध येथे लिहून कामावर जात आहे.

मी चालवितो त्या मोटारीच्या वायपरचे रबर झिजल्याचे मालक अप्पासाहेबांनी महिन्यापूर्वीच सांगितले होते. "चल जाएगा, साहेब," असे मी उत्तरलो. म्हणून तुला हातोदहून शहरात प्रसूतीसाठी आणताना पावसात काचेतून रस्ता दिसेना. सात वेळा उतरून ती सदऱ्याने पुसली. इस्पितळास पोहोचण्यास उशीर झाला आणि आपले बाळ गेले.

तू सर्वांना "नशीब आपलं" म्हणून सांगतेस. ते नशीब नव्हते.

काल मल्हारगंजातून नवे रबर आणून बसविले. दहा मिनिटे लागली.

पेज चुलीपाशी झाकून ठेवली आहे, ती कृपया घ्यावी. येथवर वाचलेस, त्याबद्दल आभारी आहे.

शंकर