चतुराबाईच्या वजनातला कडता

मी, चंद्रभान नानाजी गोमासे, वय ४९, धंदा भाजीपाल्याची शेती, राहणार देवळी, जिल्हा वर्धा, हा कागद स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे, कोणाचा दाब नाही. अक्षर मात्र मधे मधे वाकडे दिसेल. त्यावरून कोणी शंका घेऊ नये. येत्या गुरुवारी, वीस मार्चला, नागपूरला माझ्या हृदयाची झडप बदलायची आहे. परमेश्वराच्या मनात असेल तसे होईल. पण एक गोष्ट सांगायची राहिली, तर त्याच्यासमोर उभे राहायला मला तोंड नाही. ती पाचव्या कलमात आहे. आधीची कलमे लिहिता लिहिता धीर येईल असे वाटते.

१. राहते घर माझी पत्नी डॉ. उज्वला हिला द्यावे. दोन एकर वाडी, विहीर व मोटरपंप उज्वला आणि मुलगी खुशी यांना समान. खुशी सध्या शिकायला सिंदी मेघेत खोली करून राहते. तिने शिक्षण सोडून वाडी पाहायला येऊ नये. वाडी बटईने, म्हणजे पिकाच्या वाट्यावर, कसायला द्यावी.

२. थोरले बंधू रूपराव यांची वाटणी पूर्वीच झाली आहे. ते या कागदावर साक्षीदार असल्यामुळे त्यांना काही देता येत नाही, असे वकील म्हणाले. हे सांगितल्यावर रूपराव म्हणाले, "नाईतरी तू मले काय देऊन राह्यला होता?" फवारणीचा पंप देणार होतो. आता तो त्यांच्या मुलाच्या नावे, म्हणजे त्यांच्याच घरी जाईल.

३. उज्वला लग्न होऊन आली तेव्हा साधी नर्स होती. नोकरी आणि स्वयंपाक सांभाळून तिने पदव्या घेतल्या आणि शेवटी नर्सिंगमध्ये पीएच.डी. केली. रूपराव चारचौघांत म्हणत, "नर्सची डाक्टर झाली, पण सुई तर देतच नाई!" मीही हसत असे. त्या हसण्याबद्दल मी तिची क्षमा मागतो.

४. माझ्या छपरीतला जमिनीवरचा विजेचा काटा उज्वलाला द्यावा. त्यावर रोज पहाटे शेजारच्या वाड्यांचे भाजीचे कॅरेट मोजले जातात आणि गाडी वर्ध्याला जाते. हृदय अशक्त असलेल्या माणसाच्या अंगात पाणी साचू लागले की दम लागण्याआधी वजन वाढते, हे उज्वलाने मला समजावले. अशा माणसांना दवाखाना लांब, पण भाजीचा काटा सगळ्यांच्या वाटेवर. म्हणून तिने ठरवले की त्यांनी रोज सकाळी इथेच वजन करावे, मी ते वहीत लिहावे, आणि तीन दिवसांत दोन किलो वाढले की तिला फोन करावा. एक मोठे डॉक्टर तिला म्हणाले होते, "माणसं काय वांगी आहेत?" तरी दोन वर्षांत या काट्याने सात जणांना वेळेवर दवाखान्यात पोचवले. तिच्यासारख्याच पीएच.डी. झालेल्या माधवीताई आता तळेगावला हेच सुरू करणार होत्या.

५. आता सांगतो. ओली मेथी, पालक काट्यावर आली की पाण्याचे म्हणून थोडे वजन कमी धरायचे, याला आम्ही कडता म्हणतो. वीस वर्षांची सवय आहे, नजरेनेच कापतो. गेल्या जानेवारीत, थंडीत, आमच्या गल्लीतल्या, अशाच अशक्त हृदयाच्या चतुराबाई रोज धुस्सा पांघरून काट्यावर चढत. दुसऱ्या दिवशी आकडा वाढलेला पाहून म्हणाल्या, "चंदू, धुस्सा किती जड हाय! कडता काप नं बाप्पा." मी हसत कापला, तिसऱ्या दिवशीही. काट्यावर पहिल्या दिवशी एक्कावन्न, दुसऱ्या दिवशी बावन्न, तिसऱ्या दिवशी साडेत्रेपन्न होते. मी वहीत एक्कावन्न, एक्कावन्न, साडेएक्कावन्न लिहिले. धुस्सा तोच होता. वाढले होते ते पाणी होते, आणि तेच मोजायचे होते. चौथ्या दिवशी वर्ध्याला नेताना त्या वाटेतच गेल्या.

उज्वलाने वही पुढे घेऊन विचारले, "आकडे काट्यावरचेच आहेत नं?" मी म्हणालो, "हो."

तेव्हापासून सायंकाळच्या सामुदायिक प्रार्थनेत डोळे मिटले की मला तेच आकडे दिसतात. उज्वलाने काटा माणसांसाठी बंद ठेवला आहे. महिनाअखेरीस ती अहवाल देणार आहे, की ही पद्धत भरवशाची नाही. मग तळेगावलाही ती सुरू होणार नाही. पद्धत खरी होती. खोटा मी होतो. मी परत आलो नाही, तर अहवाल जाण्याआधी हे कलम तिला वाचून दाखवावे.

६. चतुराबाईंचा मुलगा किशोर भरबाजारात उज्वलाला बोलला होता, "तुह्या काट्यानं माही माय नेली." ती खाली मान घालून उभी राहिली आणि मी बाजूला टमाटे निवडत होतो. किशोरवर माझा राग होता. तो राग मी मागे ठेवत नाही.

पुरवणी, त्याच दिवशी: साक्षीदाराने मजकूर वाचलाच पाहिजे असे नाही. तरी मी दुसऱ्या सहीसाठी किशोरला बोलावले आणि पाचवे कलम वाचायला दिले. त्याने ते दोनदा वाचले. मग त्याने बंद काट्याकडे पाहिले.

"कडता काप, हे मायच म्हणली असन," तो म्हणाला. "मले माही माय ठाऊक हाय. पण तू उज्वलावहिनीले 'हो' काऊन म्हटलं?"

मी पेन त्याच्यापुढे केले.

"सही करतो," तो म्हणाला. "पण हे तू मरेपर्यंत नाई ठेवाचं. आत्ता आत जा."

मी आत गेलो. उज्वला चुलीपाशी उभी होती. तिने कागद उभ्यानेच वाचला, ओट्यावर ठेवला आणि माझ्याकडे न बघता वही घेऊन छपरीत गेली. काट्याचे बटण दाबले.

"चढा," ती म्हणाली. "शाल काढा आधी. चपलासुद्धा."

त्रेसष्ट किलो चारशे. तिने जसेच्या तसे लिहिले. आधीपेक्षा किती वाढले, ते तिने सांगितले नाही आणि मला विचारवले नाही. मग तिने जानेवारीचे पान उघडले.

"आता ते तिन्ही दिवस सांगा. काट्यावरचे."

मी सांगितले. जुने आकडे न खोडता तिने त्यांच्या शेजारी नवे लिहिले, आणि मला तिथे सही करायला लावली. या कागदावरची खालची सही त्यानंतरची आहे.

ठिकाण: देवळी, जि. वर्धा
दिनांक: १७ मार्च २०२५

लिहून देणार: चंद्रभान नानाजी गोमासे (सही)

आमच्यासमोर सही केली, आणि आम्ही त्याच्यासमोर:
१. रूपराव नानाजी गोमासे (सही)
२. किशोर, चतुराबाईचा मुलगा (सही). वाचून केली.