घाट मोकळा

५ फेब्रुवारी १९४४, शनिवार

आज घडले ते असे:

१. बडनेऱ्याला उतरले. अमरावतीस मामांकडे यमूला सोडले. पुढे परतवाडा, मग घाट. मोटार दोनदा थांबली. एकदा पाणी भरायला, एकदा रस्त्यात उभ्या गव्यासाठी.
२. घाटमाथ्यावरची हवामान-चौकी ताब्यात घेतली. दोन खोल्या, यंत्रांची पेटी, टेलिफोन.
३. तापमापकांचे पारे तपासले. अचूक आहेत.
४. यमू सोमवारी, २१ तारखेला, मोटारीने वर येणार. धाकट्या बहिणीला माझे राज्य पाहायचे आहे.

मी खूश आहे. पुण्यात शिकत असताना सगळे विचारत, बाईला डोंगरावर कोण नेमणार? नेमले.

काम सोपे आहे. उजाडताच ओला (ओले फडके गुंडाळलेला) आणि कोरडा पारा वाचायचा, दरीत नजर टाकायची, खाली परतवाड्याच्या नाक्यावर टेलिफोन करायचा. मी ‘मोकळा’ म्हटले की मोटार सुटते. ‘बंद’ म्हटले की थांबते.

८ फेब्रुवारी

गवतावरचे दहिवर गोठले होते. ऊन चढले की ते वितळते आणि वळणांवरची माती साबणासारखी होते. येथे थंडीपेक्षा तिचे जाणे वाईट.

स्वयंपाकाला दुर्गाबाई येते. आज म्हणाली, “त्या काचीच्या नळीले पाह्यता इतकं एखाद्या मानसाले पाह्यलं असतं, तं आतापरेंत लेकुरवाळ्या झाल्या असत्या, बाई.” नाक्यावरचा चंद्रभान माझ्या ‘आहे’ला हसतो. इकडे सगळे ‘हाये’ म्हणतात.

११ फेब्रुवारी

दाट धुके. दोन्ही पारे एकाच अंकावर. म्हणजे हवेत आणखी पाणी मावत नाही. ‘बंद’ सांगायला टेलिफोन फिरवला, तर चंद्रभान वैतागला. “आता तं सांगतलं ना तुमी, मोकळा हाये म्हनून! गाडी सुटून राह्यली.”

ओरडून थांबवायला लावली. मग विचारले, मी ‘हाये’ कधी म्हणते? आजचा माझा हा पहिलाच टेलिफोन होता.

१२ फेब्रुवारी

दुर्गाबाईला कालचा टेलिफोन सांगितला, तेव्हा तवा घासता घासता ती बोलली. गेल्या वर्षी माझ्या जागी सत्यवती होती, दर्यापूरची. महिनोन्महिने एकटी. तिची धाकटी बहीण जमुना भेटायला येणार होती, त्याच दिवशी धुके पडले. भेट हुकू नये म्हणून सत्यवतीने ‘मोकळा’ सांगितले. मोटार दरीत गेली. सत्यवती तशीच धुक्यात उतरली. ती कधी सापडली नाही.

“अजून बहिनीले बलावूनच राह्यली,” दुर्गाबाई म्हणाली. “कोनाची का असेना.”

मी हे लिहून ठेवते. मानत नाही. तरी चंद्रभानशी खूण ठरवली: ‘आहे’ ऐकू आले तर मी. ‘हाये’ ऐकू आले तर मी नव्हे. टेलिफोन ठेवून द्यावा.

१४ फेब्रुवारी

दुर्गाबाई न सांगता खाली निघून गेली. भाकरी झाकून ठेवली होती.

ओला पारा कोरड्याच्या वर चढला आहे. असे होत नाही. पेटीच्या झडपांवर आतून वाफ धरली आहे, कोणी तोंड लावून श्वास सोडावा तशी.

१५ फेब्रुवारी

गारा. दिवसभर धुके. चंद्रभान म्हणाला की तो दुसरा आवाज आता ‘आहे’ म्हणतो, अगदी पुण्यासारखा. मी म्हटले, तीच लबाडी. ऐकू नका, घाट बंद हाये.

त्याने टेलिफोन ठेवला.

मी काय बोलले ते ठेवल्यावर कळले.

१६ फेब्रुवारी

आरशासमोर उभी राहून म्हटले. आहे. आहे. हाये.

पुन्हा टेलिफोन केला. चंद्रभान रामनाम घेत म्हणाला, “सत्यवतीबाई, सोडा आता. आमच्या बाईले बोलू द्या.” मी सांगितले, मीच बाई— मले ऐका— मले—

ठेवला.

चालत उतरायला निघाली. पहिल्या वळणावर पुढे पावलं वाजत होती. माझ्याच चपलांची. परत आली.

रात्री

यमू, हे मीच लिहून राह्यली. भाषा पाहू नको. टेलिफोनवर काही सांगतलं तरी येऊ नको. धुकं हाये. मामाले सांग, तिले घराबाहेर— तुले, तुले घराबाहेर—

हात माहा हाये. अक्षर—

१७ फेब्रुवारी, गुरुवार

सकाळी पारे वाचले. दोन्ही एकाच अंकावर आहेत. घाट मोकळा आहे. नाक्यावर तसे कळवले. चंद्रभानला आवाज ओळखीचा वाटला, तो आनंदला.

कालचे पान चुलीत घालायचे आहे. त्याआधी टपालाचा मजकूर येथे जुळवून घेते:

प्रिय यमू, हवा सुरेख आहे. येथे फार एकटे वाटते. ठरल्याप्रमाणे सोमवारी अवश्य ये. रस्त्याची काळजी करू नकोस. सकाळच्या मोटारीने येतेस की दुपारच्या, ते शनिवारपर्यंत कळव, म्हणजे मी वळणावर उभी राहून तुले—