लाल चिठ्ठीची पिशवी

८ ऑक्टोबर, मंगळवार

पुन्हा राहिली! सगळ्या गल्लीच्या पिशव्या घंटागाडीनं उचलल्या आणि एक तेवढी कोपऱ्यात तशीच. वर लाल चिठ्ठी — ‘वर्गीकरण चुकीचे, नेणार नाही.’ जळणाऱ्या कचऱ्यात काच, पत्रा, काय वाट्टेल ते! कावळ्यांनी पिशव्यांवरची जाळी उचकटली, माशांची हाडं माझ्या दारापर्यंत. झाडलं कोणी? मीच. झाडण्याच्या पाळीची पाटी या आठवड्यात माझ्याच दारावर आहे ना.

नगरपालिकेत फोन केला, चांगलं खडसावलं. पलीकडचं पोरगं शांतपणे म्हणतं, “आजी, ती पिशवी काय आम्ही भरली?” आजी म्हणे! वर दम — असंच चाललं तर तुमचा कोपरा बंद, मग कचरा उताराखाली देवळापाशी आणून टाका. तो उतार! शेजारच्या फुसाए-सानचे गुडघे, आमच्या ह्यांची कंबर. कचरा टाकायला गेलेलं माणूस परत येईल की नाही देव जाणे.

११ ऑक्टोबर, शुक्रवार

आज परत तेच. कोण ते मला माहीत आहे — कुनिमोतो! निळ्या छपराच्या घरात उन्हाळ्यात राहायला आलाय. एकटाच. पांढरी व्हॅन. नवीन आलेल्या माणसानं एखादा टॉवेल कागदात गुंडाळून शेजाऱ्यांकडे जावं, ‘आजपासून तुमच्या शेजारी, सांभाळून घ्या’ म्हणावं — एवढी साधी रीत. ह्याचा टॉवेल नाही की तोंड उघडणं नाही.

“टॉवेल द्यायची अक्कल नाही, तो कचरा काय वेगळा करणार!” — इति फुसाए-सान. बरोबरच आहे. गल्लीची प्रमुख उगाच नाही ती. मी लग्न होऊन आले तेव्हा दुधाचं खोकं धुऊन, कापून, सपाट करून बांधायला तिनंच शिकवलं. गाठ सैल दिसली की माझी पिशवी उचलून परत दारात आणून ठेवायची. “त्सुयु, ही गाठ आहे की तुझं नशीब?” किती रडले असेन तेव्हा! आता मात्र तिच्याशिवाय पान हलत नाही माझं.

भोपळा शिजवला होता, डबाभर तिला देऊन आले.

१५ ऑक्टोबर, मंगळवार

डोळ्यांनी पाहिलं! गाडी गेल्यावर कुनिमोतो आला, इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, लाल चिठ्ठीची पिशवी उचलली आणि घरात! चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय?

ह्यांना सांगितलं. पेपरमागून आवाज — “हल्ली जेवतेस पण खिडकीतच का?” माणूस आहे की दगड!

फुसाए-सानला कोण आनंद झाला. रविवारी बैठक. कुनिमोतोला आपल्या कोपऱ्यावर कचरा ठेवायला बंदी! म्हटलं, मी सांगते सगळ्यांसमोर काय पाहिलं ते. जाताना म्हणाली, “बऱ्याच दिवसांत भोपळा नाही दिलास गं.” आत्ता शुक्रवारी दिला की! आडून आडून आणखी मागतेय. चलाख म्हातारी. आधीचे डबे तर कधी परत येतच नाहीत. म्हणून तर हल्ली तळाला नाव लिहिते.

१८ ऑक्टोबर, शुक्रवार

आजही राहिली. आजही त्यानंच नेली. रविवार येऊ दे, बघतेच!

१९ ऑक्टोबर, शनिवार

दोनदा लिहून खोडलं, आता सरळ लिहिते.

दुपारी बेल वाजली. दारात कुनिमोतो! हातात माझा निळ्या झाकणाचा डबा. खाली माझंच नाव.

“राग मानू नका,” म्हणाला, “त्या पिशव्या तुमच्या ना?”

माझ्या! मला विचारतोय! तोंडाला येईल ते बोलले.  तो म्हणाला, सगळे माझ्याकडेच संशयानं बघत होते, वाद कोण घालणार, त्यापेक्षा घरी नेऊन वेगळं करून पुन्हा ठेवणं सोपं वाटलं. मग पिशवीतल्या डब्यावर नाव दिसलं — वाटलं, वयस्कर माणसं आहेत, होतं कधी कधी.

डबा उघडला. भोपळा. चमचासुद्धा न लावलेला!

आधी संताप आला. फुसाए-सान! तोंडावर ‘काय चव आहे गं’ आणि माझं अन्न उकिरड्यात! इतकी वर्षं मला बनवत होती का? तिला जाब विचारायला मी चपला घालतच होते.

“एवढं मात्र टाकवलं नाही,” म्हणत त्यानं पिशवीतून एक तसबीर काढली. काळी चौकट. “तुमचे कोणी?”

फुसाए-सानचे यजमान. तिच्या देवघरातले. रोज सकाळी त्यांना भात ठेवल्याशिवाय ती चहासुद्धा घेत नाही.

मी तिथंच पायरीवर बसले. तो म्हणाला, पाणी आणू का? मलाच, माझ्याच घरात.

२० ऑक्टोबर, रविवार

बैठक. फुसाए-सान ताठ बसलेली. कचऱ्याचे नियम पहिल्यापासून शेवटपर्यंत तोंडपाठ म्हणून दाखवले, एक शब्द चुकला नाही! मग माझ्याकडे वळली. “त्सुयु, सांग काय पाहिलंस.”

कुनिमोतो कोपऱ्यात. पिशव्या कोणाच्या ते काल मीच त्याला सांगितलं होतं. 

उभी राहिले. म्हटलं, “पिशव्या माझ्याच होत्या. कुनिमोतो-सान बिचारे निस्तरत होते.”

काय कुजबुज! खरं सांगितलं असतं तर हीच कुजबुज तिच्या नावानं झाली असती — तिच्या, जिला सगळी गल्ली वचकून असते. नाही सांगवलं.

“मला संशय होताच!” फुसाए-सान कडाडली. “इतकं शिकवलं, शेवटी पालथ्या घड्यावर पाणी!”

 घरी येताना ह्यांनी माझी छत्री स्वतःच्या हातात घेतली.

२२ ऑक्टोबर, मंगळवार

तसबीर नेऊन दिली. “अगंबाई, कुठं होते हे! मला वाटलं, त्या कुनिमोतोनंच चोरले!” लेकराला धरावं तशी छातीशी धरून बसली. घरी येऊन मी तिच्या लेकीला ओसाकाला फोन केला. “आई ठणठणीत आहे की, रोज बोलते,” म्हणाली. म्हटलं, बोलते गं. एकदा येऊन बघ.

२५ ऑक्टोबर, शुक्रवार

आजपासून फुसाए-सान गाडीच्या आधी माझी पिशवी तपासायला येणार. शिक्षा! स्वतःचीही घेऊन येते — नमुना म्हणून. ती माझी उघडून बघते तोवर मी तिची नीट लावते. चहाची पत्ती, काचेची बाटली, एक घड्याळ. घड्याळ हळूच बाजूला ठेवलं. कुनिमोतो जाळी धरून उभा होता. आज एकही चिठ्ठी नाही.

५ नोव्हेंबर, मंगळवार

दारात आली. पिशवी हातात. माझ्याकडे बराच वेळ बघितलं, मग वाकून नमस्कार केला. “तुम्ही नवीन आलात वाटतं? आमच्याकडे टॉवेल द्यायची रीत आहे हो.”

कपाटातला कोरा टॉवेल काढला, कागदात गुंडाळला. तिच्यामागून तिच्या दारी गेले, वाकले. “मी त्सुयुको. आजपासून तुमच्या शेजारी. सांभाळून घ्या.”

“घेऊ हो,” म्हणाली. “गाठ तेवढी घट्ट बांधत जा.”